रणपिसेताईंचं यान

रणपिसेताईंच्या हातात कुठलीही वस्तू आली की त्या आधी ती उलटी करून बघत. मोबाइल, स्टेपलर, पेढ्यांचा खोका, लग्नात मिळालेलं घड्याळ, काहीही. चहाचा कप दिला तर निदान चहा संपेपर्यंत धीर धरत. पहिल्यांदा त्या आमच्या दुकानात आल्या तेव्हा मी कामात बुडाले होते. मान वर करेपर्यंत त्यांनी माझ्या टेबलावरचा माऊस उचलला, उताणा केला, त्याच्या पोटातला लाल दिवा डोळे बारीक करून न्याहाळला आणि परत जागेवर ठेवला. स्क्रीनवर मी जो नगरसेवकाचा चेहरा कापून बसवत होते, तो तोवर केकच्या चित्रात जाऊन पडला होता.

"अहो बाई, काय चाललंय?" मी ओरडलेच. माझा आवाज मुळात लहान नाही.

"बघत होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "समोरून सगळंच चांगलं दिसतं गं. वस्तू तीन बाजूंनी बघायची. समोरून, बाजूने आणि वरून."

"तुम्ही तर खालून बघितलात!"

"ते माझं वरकड."

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गोपसेठचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मी तिथे डिझाइन करते. कमर्शियल आर्टचं शिक्षण घेतलं तेव्हा काय काय करीन असं वाटलं होतं, ते आता सांगत नाही. वाढदिवस, दहावीचे गुणवंत, दहीहंडी आणि निधन, या चार खांबांवर माझा संसार उभा आहे. राहायला मी बदलापुरात, कुळगावला. हे कळल्यापासून रणपिसेताईंनी माझं नाव कधी विचारलं नाही. मी त्यांच्यासाठी कायमची 'कुळगाववाली' झाले.

त्या दिवशी त्यांच्या काखेत नळकांडं होतं. त्यातून त्यांनी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली, टेबलावरचे माझे सगळे कागद कोपराने बाजूला सारले आणि ती उलगडली. मी बघतच राहिले. त्यावर एक अंतराळयान होतं. टोकदार नाक, फुगीर पोट, मागे माशाच्या परांसारखे पंख, ओळीने गोल खिडक्या आणि कमरेभोवती कडं घातल्यासारखी गॅलरी. समोरून, बाजूने, वरून, असं तीनदा काढलेलं. प्रत्येक रेषा सुईने ओढल्यासारखी. चालक एक बाई होती. तिच्या डोक्यावर काचेचं गोल शिरस्त्राण होतं आणि त्यात अंबाडा मावेल एवढी जागा सोडून तिचं मापही लिहिलेलं होतं.

ही शैली मला माहीत होती. कॉलेजात आम्हाला त्यावर एक तास झाला होता. आपल्या आजोबांच्या तरुणपणी जगातल्या चित्रकारांना भविष्य असं दिसायचं: चंद्रावर काचेचे घुमट, पंखवाल्या उडत्या मोटारी, नारिंगी आभाळ, चकचकीत रुपेरी कपडे. त्यातलं फारसं काही झालं नाही. आता ती चित्रं लोक गंमत म्हणून टी-शर्टवर छापतात.

मला शिकलेलं दाखवायची फार हौस. मी म्हटलं, "ताई, याला रेट्रो म्हणतात. हे भविष्य जुनं झालं आता."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता मलाही उलटं करून बघतात की काय! "जुनं कसं? आमच्याकडे आलं कुठे अजून? न वापरलेली वस्तू जुनी होते का गं? पॅकिंग तरी फोडा आधी."

गोपसेठ काउंटरवरून हसला आणि म्हणाला, "साईं, पहली बार इसको कोई मिला."

ताई अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअर लोक पेन्सिलीने यंत्राचा नकाशा काढत, त्यावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. गिरवायला बसण्याआधी हात धुऊन पावडर लावायची, घामाचा डाग कागदावर पडता कामा नये. रेघ चुकली तर खोडायची नाही, ब्लेडच्या कोपऱ्याने हलकेच खरवडायची. कॉम्प्युटर आले, ट्रेसर गेले, मग कारखानाही बंद पडला. ताईंची पावडर मात्र सुटली नाही. आमच्या दुकानात पेन हातात धरायचं असलं तरी पिशवीतून डबी निघायची, आणि माझ्या काळ्या कीबोर्डवर नंतर दिवसभर पांढरे ठसे दिसायचे. लग्नाचं मी एकदा भोचकपणे विचारलं. "बघायला येणारे समोरूनच बघून जायचे," एवढंच म्हणाल्या आणि माझं पंचिंग मशीन उलटं करून त्यातली कागदाची टिकली टिकली टेबलावर सांडून ठेवली.

त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात साहेबांकडे परदेशी मासिकं येत. त्यात यंत्रांबरोबर भविष्याची ही चित्रं असत. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ताई ती चित्रं गिरवत. पुढे गिरवायचं सोडून स्वतःची काढायला लागल्या. त्यांच्या चित्रांतही घुमट होते, हवेतून जाणारी गाडी होती. पण घुमटाखाली चाळ होती आणि चाळीला कपड्यांच्या दोऱ्या. सूर्यावर चालणाऱ्या पत्र्यांवर पापड वाळत घातलेले. चंद्रावरच्या नळाला भांडण नाही, कारण पाणी चोवीस तास. नऊवारीतल्या म्हाताऱ्या उडती रिक्षा शिकताहेत आणि मास्तर डोक्याला हात लावून बसलाय.

तर हे यान छापायचं नव्हतं, बांधायचं होतं. जयंतीच्या मिरवणुकीसाठी.

अंबरनाथ पश्चिमेला ताईंच्या वस्तीची जयंती मोठी. निळे झेंडे, बँजो, लेझीम, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगा आणि मागून चित्ररथ. चित्ररथांचे विषय वर्षानुवर्षं ठरलेले असत: तळ्याचं पाणी, धम्मदीक्षा, संविधान. ताईंचं म्हणणं, एक रथ पुढच्या काळाचा हवा. हे त्या कित्येक वर्षं मंडळात मांडत होत्या आणि मंडळ चहा मागवून पुढच्या विषयाकडे वळत होतं. त्या वर्षी त्या नकाशे घेऊन गेल्या आणि मला 'टेक्निकल' म्हणून बरोबर नेलं. टेक्निकल म्हणजे काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बैठक विहाराच्या हॉलमध्ये होती. अध्यक्ष सोनवणेभाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा की माइकची गरज नाही. माणूस वाईट नव्हता, आणि त्यांचं म्हणणंही काही वावगं नव्हतं.

"सुमनताई, आपला इतिहासच अजून लोकांना धड ठाऊक नाही. आपल्याच पोरांना नाही. तो दाखवायचा सोडून जयंतीला रॉकेट कशाला? लोक हसतील."

"हसू देत. हसायला तरी मान वर करतील," ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "भाऊ, आपली माणसं तळ्यावर जायला निघाली, तेव्हा ते कुठे घडलं होतं? तेव्हा ते पुढचंच होतं ना? कोणीतरी आधी डोळ्यांपुढे आणलं म्हणून पाय उचलले. मी कारखान्यातल्या साहेबांच्या मासिकांत चंद्रावरची गावं बघितली, समुद्राखालची बघितली. एकातसुद्धा मला माझ्या ओळखीचं माणूस सापडलं नाही. भिंग घेऊन शोधलंय मी. आपलं पुढचं आपण नाही काढायचं, तर काढणार कोण? आणि दुसऱ्यांनी काढलं तर ते आपल्याला त्यात कुठे उभं करतील, हे सांगायला पाहिजे का?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"या एका वर्षी," ते म्हणाले. "मिरवणुकीची शोभा झाली तर ठीक. फजिती झाली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कधीच नाही."

"नाही काढणार," ताई म्हणाल्या. "पण फजिती होणार नाही."

एवढ्या वर्षांचं मागणं, आणि त्याला एकच संधी. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, एवढी अट कशाला मान्य केलीत?" तर म्हणाल्या, "दार किलकिलं झालं ना? मग पाय घालायचा. दार किती उघडलं ते मागनं मोजू."

गोपसेठला हे कळलं तेव्हा त्याला ताईंची दयाच आली. "मॅडम, इतनी मेहनत काहे को? मोबाइल में एक मिनट में बनता है. एआय." त्याने तिथल्या तिथे 'भविष्यातलं अंबरनाथ' असं बोलून चित्र काढून दाखवलं. काचेचे उंच टॉवर, निळा उजेड, गुळगुळीत रस्ते. छान होतं, खोटं कशाला बोलू? ताईंनी मोबाइल हातात घेतला, अर्थातच उलटा केला, मग सुलटा केला.

"याची मागची बाजू दाखवा."

"मागे का क्या? ये तो फोटो है."

"मग पाणी कुठनं येतं? जिना कुठे आहे? आणि यात माणूस का नाही एक पण? गेले कुठे सगळे?"

गोपसेठने पुन्हा चित्र बघितलं. त्यात खरंच माणूस नव्हता. दुपारभर तो मोबाइलशी भांडत बसला आणि संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, भंगार किसका चाहिए बोलो. अपना पहचान है."

आणि उल्हासनगरच्या भंगारातून ताईंचं भविष्य गोळा व्हायला लागलं. मोडक्या वॉशिंग मशीनची गोल काचेची दारं म्हणजे खिडक्या. गिझरच्या टाक्यांचे पत्रे म्हणजे नाक. गोपसेठचा मेहुणा सोफ्याचे सांगाडे बनवतो, त्याने हलक्या पाइपांचा पिंजरा जोडून दिला. मी ताईंचे नकाशे खऱ्या मापात छापून द्यायची आणि त्यावर ठेवून पोरं पत्रे कापायची. विहारामागच्या पटांगणात यान उभं राहायला लागलं. पंखांना ताईंनी शेंदरी रंग दिला, पोटाला रुपेरी, आणि उन्हात ते असं चकाकायचं की रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावून जायचे.

सगळ्यांत मोठं काम आत होतं. यानाच्या तळाला, म्हणजे जमिनीच्या प्लायवर, ताईंनी वस्ती रंगवायला घेतली. पुढच्या काळातली, आणि आभाळातून दिसते तशी. मिरवणूक मैदानात पोचली की लोकांनी रांगेने यानात चढायचं आणि खाली बघायचं, अशी कल्पना. पायाखाली आपलंच अंबरनाथ, पण उद्याचं. त्यासाठी त्या आठवडेच्या आठवडे गुडघे टेकून बसल्या. चाळी, शाळा, विहार, बाजार, गच्चीवरचे पापड, सगळं वरून. प्रत्येक माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे, तरीही वस्तीतल्या बायका बोट ठेवून सांगायच्या, ही अमकी, ही तमकी. मी रविवारी जाऊन रंग कालवून द्यायची. इतकं सुंदर चित्र मी फार कमी पाहिलंय, आणि मी चित्रं शिकलेली बाई आहे.

सोनवणेभाऊ एकदा पाहणीला आले. घुमट बघितले, उडत्या रिक्षा बघितल्या. मग त्यांचं बोट वालधुनी नदीवर थांबलं. खरी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी, ताईंनी ती निळी काढली होती.

"हे काय?"

"मासे."

"वालधुनीत मासे?" भाऊ म्हणाले. "सुमनताई, रॉकेटपर्यंत मी समजू शकतो."

जयंतीच्या दिवशी सकाळी यान ट्रॉलीवर चढवलं. वस्तीच्या तोंडाशी कमान आहे, बाहेर जायचा रस्ता तेवढाच. ट्रॅक्टर कमानीपाशी आला आणि मागून कोणीतरी "ए थांब, थांब!" असं ओरडलं. यानाची पाठ कमानीच्या वर जात होती. थोडीथोडकी नाही, चांगली कमरेएवढी.

ताईंनी कमान स्वतः टेप लावून मोजली होती. नकाशात काढली होती. यान तिच्याखालून जेमतेम हातभर जागा ठेवून जाईल असंच बेतलं होतं. पण जन्मभर त्यांनी प्रत्येक यंत्र कागदावरच्या खालच्या रेघेवर उभं केलेलं. ट्रेसरसाठी त्या रेघेच्या खाली काही नसतं. ट्रॉली मंडळाची, तिची उंची ना त्यांच्या नकाशात आली ना कोणाच्या डोक्यात.

"सगळ्या जगाला खालून बघता," भाऊ हताश होऊन म्हणाले, "आणि या एकाला नाही बघितलंत?"

"चूक माझी," ताई म्हणाल्या.

कमानीला हात लावणं शक्यच नव्हतं, तिच्यावर नाव आहे. यानाचा माथा कापावा तर सगळा पिंजरा तिथेच जोडलेला, कापला की कोसळणार. भाऊंनी पोरांना हळूच सांगितलं, मागच्या वर्षीच्या चित्ररथाचा पडदा काढून ठेवा. ते ताईंना ऐकू गेलं. त्या यानाभोवती एक फेरी मारून आल्या, वाकून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "ट्रॉलीवरून उतरवा. तळ काढला तर माणसं आत उभी राहतील. आतल्या पाइपांना धरून उचलायचं. वीतभर उचललं तरी पुरे. चालत न्यायचं."

"तळ म्हणजे?" मी म्हटलं. "ताई, तळावर चित्र आहे."

"मला माहीत आहे."

"मग ते सोडवून बाहेर काढू ना."

"तो कडेच्या पाइपांवर बसवलाय, खालून सुटणार नाही, आणि दारातून अखंड निघणार नाही. कापावं लागेल."

मला रडू आलं. लपवत नाही, सगळ्यांसमोर भोकाड पसरल्यासारखी रडले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नेऊ, भाऊंच्या हातापाया पडू, पण हे कापू नका. ताईंनी पिशवीतून पावडरची डबी काढली, हातांना चोळली आणि खडू घेऊन आत शिरल्या. स्वतःच्या चित्रावर पट्टी ठेवून त्यांनी सरळ रेघा मारल्या. शाळेच्या मधून, बाजाराच्या मधून, त्या निळ्या नदीच्या मधून. हात जराही हलला नाही.

"चित्र मी परत काढीन गं कुळगाववाली," खाली बघतच त्या म्हणाल्या. "आज हे इथनं बाहेर पडलं नाही, तर परत कधी पडणार नाही. चल, रडतेस काय, मशीनची वायर धर."

गोपसेठच्या मेहुण्याने कटर चालवला. तुकडे निघाले ते टाकून द्यायला पोरं निघाली, तेव्हा ताई कडाडल्या, "टाकता काय? एकेकाने एकेक घ्या. छातीशी धरा आणि यानाच्या पुढे चाला."

तर मिरवणूक अशी निघाली. पुढे झेंडे, मग लेझीम, मग हातात उद्याच्या अंबरनाथचे तुकडे धरलेल्या बायका आणि पोरं, आणि मागे ते रुपेरी यान, ज्याच्या खालून चपला, बूट, अनवाणी पाय, पैंजणांचे पाय असे सगळे चालताना दिसत होते. कमानीखालून ते गेलं तेव्हा वस्तीतून जो आवाज उठला तो माझ्या कानात अजून आहे. आतल्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता, म्हणून ताई पुढच्या गोल खिडकीतून डोकं बाहेर काढून हुकूम सोडत होत्या. "डावीकडे! खड्डा आहे! अरे डावं म्हणजे ज्या हाताने जेवत नाही ते!" रस्त्यावरचे लोक आधी हसले. मग चालत्या पायांकडे बघून आत शिरायला धडपडू लागले. एक दमला की दुसरा आत जायचा. फर्लांगभरात अशी वेळ आली की आत जायला रांग लागली.

मिरवणुकीच्या मागे नगरपालिकेच्या सफाईवाल्या बायका चालत होत्या, कागद, गुलाल, पाण्याचे पाउच झाडत. दर वर्षी असतात. याच वस्तीतल्या, पण त्या दिवशी ड्युटीवर. ताईंचं लक्ष गेलं आणि त्यांनी यान थांबवलं.

"इंदू! ए इंदू! आत ये."

इंदूबाई चपापल्या. "नको ताई, ड्युटीवर हाये. मुकादम बघंल."

"बघू दे. रस्ता कुठे पळून जात नाही. या सगळ्या."

बायकांना झाडू कुठे ठेवावेत कळेना. जयंतीच्या रस्त्यावर झाडू आडवे टाकायला मन घेईना. मागे मिरवणूक तुंबली, पोलिसाने शिट्टी मारली. तेव्हा सोनवणेभाऊ पुढे झाले. त्यांनी एकेकीच्या हातातून झाडू घेतला. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर निळी फीत, आणि दोन्ही हातांत झाडूंचा भारा. बायका आत शिरल्या. ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडल्या, "भाऊ, आता तुम्ही! आत या! अहो, आत या म्हणते ना!"

"हे कोण धरणार?" भाऊंनी झाडू दाखवले.

ताईंनी पुन्हा बोलावलं, पुन्हा बोलावलं. मी तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. भाऊ गेले नाहीत. यान उचललं गेलं आणि इंदूबाईंचा चेहरा बाजूच्या खिडकीच्या काचेला चिकटला. मैदानापर्यंत तो तिथून हलला नाही.

मैदानात सगळे पाणी पीत बसले होते. ताईंचा अंबाडा सुटला होता, घसा बसला होता. भाऊ आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"पुढच्या वर्षी," मग ते म्हणाले, "ट्रॉलीची उंची धरा."

ताई जोरात हसल्या. तेवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षीचे नकाशे त्यांनी सुरू केले होते. पाण्याखालची शाळा होती. पण पावसाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला आणि ताई गेल्या. मला कोणी फोन करून सांगितलं नाही. बॅनरची ऑर्डर आली तेव्हाच कळलं. ऑर्डर घेऊन सोनवणेभाऊ स्वतः उल्हासनगरला आले होते. गोपसेठने त्यांना खुर्ची दिली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुकानातला रेडिओ बंद केला.

निधनाचा बॅनर मी झोपेतही करू शकते. ढग, ज्योत, मधे फोटो. मी भाऊंना ताईंचे फोटो दाखवले. एक कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, एक पुतण्याच्या लग्नातला रेशमी साडीतला. दोन्ही बरे होते. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. "तो मिरवणुकीतला आहे ना तुमच्याकडे?"

मी मोबाइलमधून काढला. गोल खिडकी, रुपेरी पत्रा, विस्कटलेले केस, पसरलेला हात, उघडं तोंड.

"भाऊ, यात त्या ओरडताहेत. श्रद्धांजलीला असा फोटो कोणी लावत नाही."

"कोणाला ओरडतेय ती?"

"तुम्हाला."

"मग लावायचा की नाही ते मी सांगतो ना." ते स्क्रीनकडे बघत राहिले. "झाडूचं काय हो, ते मी कोणाच्याही हातात देऊ शकत होतो. मला वाटलं, रॉकेटच्या खाली अध्यक्षाचे पाय दिसतील आणि लोक हसतील. बोलवत होती बिचारी." त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्यांपर्यंत नेला नाही, नुसता हातात धरून बसले. "ढग काढा. ज्योत पण काढा. हाच लावा, आणि मोठा लावा."

मी मोठा केला. आमच्या मशीनवर जेवढा मोठा निघतो तेवढा. भाऊंनी तो कमानीच्या शेजारी लावून घेतला आणि बरेच दिवस काढू दिला नाही. मी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला जायची. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, शिफ्ट संपवून येणारी माणसं, शाळेतून सुटलेल्या मुली, कोणीही कमानीपाशी आलं की त्यांना ती खिडकीतून हात पसरून बोलावणारी बाई दिसायची. माणूस थबकायचा आणि ती कोणाला आत बोलावते आहे ते पाहायला मागे वळून बघायचा. मागे कोणी नसायचं.